मुलांना तिकडे न्या, पण काहीतरी मागायला न्या

दरवर्षी परीक्षा संपल्या की मला फोन यायला लागतात. कधी शिक्षक, कधी कुठल्या ग्रुपचे लोक, कधी नुसते आईबाबा. "तुम्ही दर शनिवारी त्या ज्येष्ठांच्या सेंटरला जाता ना, आमच्या मुलांना पण एक दिवस आणायचंय, थोडी सेवा करू देत, जरा संवेदनशील होतील, नाहीतर दिवसभर मोबाईल." मी विचारते किती मुलं, तर चाळीस. किती दिवस, तर एकच दिवस. काय करणार, तर दोन डान्स आणि एक नाटुकलं बसवलंय. आधी मी हो म्हणायचे. आता नाही म्हणते, आणि नाही म्हटल्यावर समोरच्याचा आवाज जो काही पडतो ना, की मलाच अपराध्यासारखं होतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू.

नाही म्हणायला कधी शिकले ते सांगते. हॉलमध्ये व्हीलचेअर ओळीने लावलेल्या, दोन रांगा, जसं काही थिएटरच. स्पीकर फुल. आता ज्यांच्या कानात मशीन आहे त्यांना विचारा फुल स्पीकर म्हणजे काय प्रकार असतो, गाणं पण मोठं, खुर्ची सरकवल्याचा आवाज पण तेवढाच मोठा, सगळा नुसता कल्ला. एका काकांनी दुसऱ्याच मिनिटाला मशीन काढून खिशात टाकलं आणि पुढचा पाऊण तास शांतपणे हसत बसले. पहिल्या रांगेतल्या एक बाई सारखा हात वर करत होत्या, सगळ्यांना वाटलं गाण्यावर ताल धरतायत, एकाने तर त्यांचा व्हिडिओ पण काढला. त्यांना बाथरूमला जायचं होतं. अटेंडंट ताई मागे गिफ्टच्या पिशव्या भरण्यात गुंतलेल्या. ग्रुप फोटो झाला, बस गेली, आणि मग त्यांचे कपडे बदलायला नेलं तेव्हा त्या कोणाकडेच बघत नव्हत्या. मुलं मात्र खुशीत गेली, आणि त्यांची काही चूक नाहीच, आम्ही त्यांना स्टेज दिलं होतं, भेटायला माणूस दिलाच नव्हता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांना अशा ठिकाणी द्यायला नेऊ नका. मागायला न्या. काहीतरी अडलेलं घेऊन जाऊ देत, न सुटणारं गणित, शर्टाचं तुटलेलं बटण, निबंध, गळ्यात नीट न बसणारं गाणं, खेळायला भिडू नाही म्हणून नुसताच पडून असलेला बुद्धिबळाचा पट. कारण तिथे राहणाऱ्या किंवा दिवसभर येऊन बसणाऱ्या माणसांकडे गिफ्टची कमतरता नसते, रुमाल, कॅलेंडर आणि शुभेच्छापत्रं यांनी कपाटं भरलेली असतात. कमतरता असते ती आपल्याकडे कोणाचं तरी काम आहे या भावनेची.

आता कोणी म्हणेल एवढं काय त्यात, मुलांनी नाच केला, म्हाताऱ्यांची करमणूक झाली, बिघडलं कुठे. बघा, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण हे वाक्य आपण किती सहज फेकतो. मला त्याचा भयंकर राग आहे. लहान मुलाला चमचा धरता येत नाही कारण ते अजून शिकलेलं नसतं. ऐंशीच्या माणसाला चमचा धरता येत नाही तेव्हा त्याने तो पंचाहत्तर वर्षं धरलेला असतो आणि धरता येत नाहीये हे त्याला पूर्ण कळत असतं. दोन्हीत सारखं काय आहे? फक्त बघणाऱ्याची सोय. एकदा दुसरं बालपण म्हटलं की मग फुगे आणता येतात, टाळ्या वाजवायला लावता येतात, आणि "अरे वा, आज आपण आंघोळ केली!" असं म्हणता येतं. हा ‘आपण’ तर मला ऐकवत नाही. ज्या माणसाशी कालपर्यंत लोक ‘अहो, तुम्ही’ करून बोलत होते त्याला अचानक ‘आपण गोळी घेतली का’ म्हणजे काय, गोळी एकट्यानेच घ्यायचीय ना त्यांना. आणि मुलं हे सगळं ऐकत असतात. मोठी माणसं वयस्कर माणसाशी कशी बोलतात, आवाज कसा लाडिक करतात, त्यांच्या डोक्यावरून आपापसात कशी बोलतात, ते सगळं तिथे शिकवलं जातं, कोणीही शिकवत नसताना.

वयावरून माणसाला कमी लेखणं याला इंग्रजीत शब्द मिळाला तोच १९६९ मध्ये, रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने दिला. मराठीत अजून रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही, त्यामुळे होतंय ते दिसत पण नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर मोठा अहवाल काढला, त्यात म्हटलंय की जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वयस्करांबद्दल असे पूर्वग्रह असतात. त्यावरचे जे तीन उपाय त्यांनी सांगितले त्यातले दोन अपेक्षितच, कायदे आणि शिक्षण. तिसरा उपाय म्हणजे वेगवेगळ्या पिढ्यांना एकमेकांच्या सहवासात आणा. म्हणजे मुलं आणि म्हातारे यांना एकत्र आणणं हा नुसता गोडगोड कार्यक्रम नाहीये, त्याने खरंच काहीतरी होतं, म्हणून तर तो कसा करायचा यावर मी एवढं भांडतेय.

कारण नुसतं एकत्र आणून भागत नाही, उलटंही होऊ शकतं. कॅरल सीफेल्ट या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८७ मध्ये बालवाडीच्या मुलांवरचा एक अभ्यास छापला होता. ही मुलं वर्षभर दर आठवड्याला एका नर्सिंग होममध्ये जात होती, म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नाही, आजारी वयस्करांना सांभाळणारं निवासस्थान. अपेक्षा काय, तर मुलांची मनं मोठी होतील. झालं असं की न जाणाऱ्या मुलांपेक्षा जाणाऱ्या मुलांच्या मनात म्हाताऱ्या माणसांबद्दल जास्त वाईट मत तयार झालं, आणि आपण स्वतः म्हातारे होऊ या कल्पनेबद्दल पण. एक अभ्यास म्हणजे काही शेवटचा शब्द नाही, मान्य. पण मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. चार वर्षांच्या मुलाला तुम्ही दर आठवड्याला फक्त आजारी, गप्प, खुर्चीला खिळलेली माणसं लांबून दाखवलीत तर ते काय निष्कर्ष काढणार? बरोबरच निष्कर्ष काढलाय त्याने.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५४ मध्येच हे सांगून ठेवलंय, ते वंशभेदाबद्दल बोलत होते पण इथेही चपखल बसतं. दोन गटांतल्या माणसांची नुसती गाठ पडून पूर्वग्रह जात नाहीत, त्यासाठी भेटीत दोघं बरोबरीचे असावे लागतात, दोघांना मिळून काहीतरी साधायचं असावं लागतं, ते एकमेकांच्या मदतीने करावं लागतं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा लागतो. आता आमचा तो हॉल आठवा. पाठिंबा होता, म्हणजे फोटोपुरता तरी होता. बाकीच्या तिन्हींच्या नावाने शून्य.

मागायला न्या म्हणते त्यातली खरी गंमत मला एका नऊ वर्षांच्या मुलामुळे कळली. हा आला तोच तोंड पाडून, आईने ढकलत आणलेला, हातात बुद्धिबळाचा डबा, कारण घरी कोणी खेळत नाही आणि मोबाईलवर खेळलं की आई ओरडते. तिथे एक आजोबा आहेत, पार्किन्सन्स आहे त्यांना, हात थरथरतो. मोहरा उचलायला गेले की शेजारची दोन प्यादी आडवी. पहिल्या डावात असं चार वेळा झाल्यावर पोरगं वैतागलं, "अहो आजोबा, पाडलंत परत." मी मधे पडणार तेवढ्यात आजोबा म्हणाले, "मग लाव की. कुठे होतं ते आठवतंय ना? आठवत नसेल तर तू खेळतच नव्हतास."

मुलाने लावलं, चुकीचं लावलं, आजोबांनी बोटाने नुसतं दाखवलं की हे इथे नव्हतं. त्या दिवशी तीन डाव झाले आणि तिन्ही डावात मुलगा हरला, तिसरा तर दहा-बारा चालींतच. अटेंडंट ताईंना दया आली, म्हणाल्या अहो एकदा तरी जिंकू द्या ना, लहान आहे. आजोबा पटावरून नजर न काढता म्हणाले, "लहान आहे. भिकारी नाहीये."

मुलगा रडवेला होऊन गेला, मला वाटलं संपलं, आता येत नाही. पुढच्या शनिवारी दहा मिनिटं आधी हजर. सेवा करायला नाही हं, सूड घ्यायला. आणि सारखे पडलेले मोहरे लावून लावून त्याचं असं झालं की पूर्ण पट पाठ, आई सांगते घरी जेवताना हवेत बघून चाली पुटपुटतो. आजोबांची तब्येत सुधारली वगैरे मी म्हणणार नाही, पार्किन्सन्स असा सुधारत नसतो. पण त्या आजारात गोळी लागू पडलेली असते तेवढा वेळ हात जरा ऐकतो, तर आजोबा आता शनिवारी स्वतःच नर्सच्या मागे लागतात की गोळीची वेळ टळू देऊ नका, कारण डाव त्या तासाभरात बसवायचा असतो. एरवी हेच गोळी घ्यायला कुरकुर करायचे.

आता यात व्हॉलंटिअर कोण? मुलगा की आजोबा? मला तर आता सांगता येत नाही, आणि ते सांगता येत नाही तोपर्यंत आपलं बरं चाललंय असं मी समजते.

यावर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे, ठीक आहे, ज्यांचं डोकं शाबूत आहे त्यांच्याकडे मुलं काहीतरी मागतील, पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेल्यांचं काय, त्यांच्याकडे काय मागणार? मलाही हे अवघड वाटायचं. पण कॅमेरून कॅम्प नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात नेमकं हेच करून बघितलं. डिमेन्शिया असलेल्या वयस्करांना मॉन्टेसरीच्या साध्या वस्तू दिल्या, प्रकारानुसार वेगळं करणं, चमच्याने एका भांड्यातलं दुसऱ्यात ओतणं, असले धडे त्यांच्याकडून आधी नीट करून घेतले, आणि मग त्यांना बालवाडीतल्या मुलांना ते शिकवायला बसवलं, एकाला एक. म्हणजे गुरुजी कोण, तर डिमेन्शिया असलेला माणूस. याचं कारण असं की नावं आणि तारखा आठवणारी स्मृती आधी जाते, हाताला लागलेल्या सवयीची स्मृती पुष्कळ काळ टिकते. कालचं आठवत नसेल पण घडी घालता येते, गाठ मारता येते, दाणे निवडता येतात. आणि चार वर्षांच्या मुलाला घडी घालता येत नसते. जमली की जोडी! शिवाय चार वर्षांच्या मुलाचा एक मोठा गुण असा की तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी त्याला काही वाटत नाही, कारण ते स्वतः तेच करत असतं. आपण मोठी माणसंच "आत्ता तर सांगितलं" म्हणतो.

बिल थॉमस नावाचे डॉक्टर १९९१ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये होते, त्यांनी अशा ठिकाणची तीन दुखणी सांगितली, एकटेपणा, असहायता आणि कंटाळा. मग त्यांनी तिथे कुत्री, मांजरं, शंभरएक पक्षी, झाडं आणि मुलं आणली, केवढा गोंधळ झाला असेल कल्पना करा. पण मला त्यांचं दुसऱ्या दुखण्यावरचं औषध फार पटतं. असहाय माणसाला आणखी मदत करून त्याची असहायता जात नाही, त्याला दुसऱ्या कोणाची काळजी घ्यायची संधी मिळाली तर जाते. आपण नेमकं उलटं करतो. मदत, मदत आणि वर आणखी मदत. सगळा दिवस ज्याला दुसऱ्यांनी उठवायचं, बसवायचं, पुसायचं, त्याच्या आयुष्यात शनिवारी आणखी चाळीस मदत करणारे सोडायचे!

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात तर गाडी पूर्ण उलट दिशेने चालवली. एक्स्पिरियन्स कॉर्प्स नावाच्या कार्यक्रमात साठीपुढची माणसं आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळांत जाऊन मुलांना वाचायला मदत करायची. लिंडा फ्राइड या डॉक्टरबाई यामागे होत्या, आणि त्यांची मेख अशी की वयस्करांना "तब्येतीसाठी चाला, मेंदूसाठी कोडी सोडवा" असं सांगितलं तर चार दिवस करतात आणि सोडतात, पण मूल वाट बघतंय म्हटल्यावर जिने चढून जातात. पुढे छोट्या गटावर मेंदूचे स्कॅन वगैरे करून पाहिले तर विचारांवर ताबा ठेवणाऱ्या भागाचं काम वाढलेलं दिसलं. मला स्कॅनपेक्षा तो जिना जास्त पटतो खरं सांगायचं तर.

आणि जिथे मुलं आणि म्हातारे एकाच छताखाली रोज असतात तिथे भेट हा शब्दच लागत नाही. सिॲटलमधल्या माउंट सेंट व्हिन्सेंट या वृद्धांच्या निवासात १९९१ पासून आतच बालवाडी आहे, टोकियोतल्या कोतोएनमध्ये त्याच्याही आधीपासून पाळणाघर आणि वृद्धाश्रम एकत्र आहेत. हे आदर्श, पण सगळीकडे होणार नाही, जागा, परवानग्या, माणसं. आपल्या हातात शनिवारचा एक तास असतो. ठीक आहे, तो तरी नीट वापरू.

आता सगळ्यात टोचणारी गोष्ट. १९७६ मध्ये रिचर्ड शुल्झ नावाच्या संशोधकाने एक प्रयोग केला. वृद्धांच्या निवासात कॉलेजची मुलं भेटायला पाठवली, साधारण दोन महिने. काही वृद्धांना भेट कधी आणि किती वेळ ते स्वतः ठरवता यायचं, काहींना ठरवता येत नव्हतं पण आधी कळायचं, काहींकडे मुलं कधीही टपकायची, आणि काहींकडे कोणीच नाही. ज्यांना ठरवता येत होतं किंवा आधी कळत होतं त्यांची तब्येत, उत्साह, सगळं बाकीच्यांपेक्षा चांगलं निघालं. इथपर्यंत सगळ्यांना आवडेल अशी गोष्ट. मग प्रयोग संपला, मुलं गेली. पुढे दोन-तीन वर्षांनी परत जाऊन बघितलं, तर ज्यांना जास्त फायदा झाला होता नेमकी तीच माणसं जास्त खचली होती. बाकीच्यांचं तसं झालं नव्हतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझे सगळे जुने ग्रुप आठवले. उन्हाळ्यात दोन महिने येणार, गळ्यात पडणार, "आजी मी परत येणार हं" म्हणणार, आणि शाळा सुरू झाली की गायब. आपण मुलांना सांगतो पुण्याचं काम केलंस. मागे राहिलेल्याचं काय झालं ते बघायला कोणी जात नाही, कारण उपक्रम संपलेला असतो आणि रिपोर्ट देऊन झालेला असतो.

म्हणून माझा पहिला नियम असा की थोडी मुलं, बराच काळ. चाळीस मुलं एकदा आणण्यापेक्षा चार मुलं चाळीस वेळा आणा. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, आणि येणार नसाल तर फोन करून सांगायचं, मुलाने स्वतः, आईने नाही. आणि थांबायचं असेल तर तेही समोर बसून सांगून थांबायचं.

शाळा सक्ती करतात त्याबद्दल पण विचारतात लोक. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शाळेचं शेवटचं सर्टिफिकेट मिळवायला ४० तास समाजकार्य करावंच लागतं, १९९९ पासून आहे तो नियम. मी सक्तीच्या पूर्ण विरोधात नाहीये, माझा बुद्धिबळवाला पण सक्तीनेच आला होता की. पण तास मोजायला लागलं की मुलं घड्याळ बघतात, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला घड्याळ बघणारा माणूस फार पटकन ओळखता येतो, त्याने आयुष्यभर पाहिलेत तसले. तास मोजायचेच असतील तर सगळे एकाच माणसाबरोबर घालवलेले मोजा, एवढी अट घाला, निम्मे प्रश्न सुटतील.

बारीकसारीक गोष्टी आहेत, पटापट सांगते. सर्दी-ताप असलेलं मूल घरीच, लाज वाटायची गरज नाही, आपल्याला साधा वाटणारा फ्लू तिथे जीव घेऊ शकतो. उलट बाजूनेही बघायचं, कोणाला नागीण झाली असेल तर कांजिण्या न झालेल्या, लस न घेतलेल्या मुलाला ती बाधू शकते, कांजिण्यांच्या रूपात. मूल कोणाहीबरोबर बंद दाराआड एकटं नाही, कितीही गोड आजोबा असले तरी नाही, याला अपवाद नसतो. खोलीत शिरताना दार वाजवायचं, ते त्यांचं घर आहे. फोटो विचारल्याशिवाय नाही. आणि काही म्हाताऱ्यांना मुलं आवडतच नाहीत, त्यांना तो हक्क आहे, त्यांना ओढून हॉलमध्ये आणू नका.

ऐकण्याबद्दल मात्र जरा थांबते, कारण निम्मे गैरसमज तिथेच होतात. वय वाढलं की आधी उंच पट्टीतले आवाज जातात, स, श, फ असली व्यंजनं पुसट होतात, आणि लहान मुलांचा आवाज नेमका त्याच उंच पट्टीतला. मूल ओरडलं की आवाज आणखी चिरका होतो, म्हणजे ओरडून उलट कमीच कळतं. आमच्याकडे एकदा एक मुलगी मार्क सांगत होती, "मला साठ पडले." आजी म्हणाल्या, "आठच?" "अहो आठ नाही, साठ!" "तेच म्हणतेय मी, आठ. पण असू दे, मी सांगते कुणाला?" मुलगी रडायच्या बेतात आणि आजी तिची समजूत काढतायत. तर मुलांना आधी शिकवा, समोर बस, उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडू दे, टीव्ही बंद कर, हळू बोल, आणि नाही कळलं तर तेच वाक्य परत ओरडू नको, वेगळ्या शब्दांत सांग.

आणि हाक. आपण सरसकट आजी-आजोबा करून टाकतो. प्रेमानेच करतो, मी पण वर केलंय. पण एक बाई होत्या, आयुष्यभर एकट्या राहिलेल्या, गणित शिकवायच्या, त्यांना एका मुलाने आजी म्हटलं तर म्हणाल्या, "मी कोणाची आजी नाही. बाई म्हण." मुलगा दचकला. पण मग तो बाई म्हणायला लागला आणि वही घेऊन जायला लागला, कारण बाई म्हटल्यावर वही आपोआप येतेच. हाक बदलली आणि त्या खुर्चीतल्या माणसाचं कामच परत मिळालं. तेव्हापासून मी मुलांना सांगते, पहिला प्रश्न हा विचारा, तुम्हाला काय म्हणू?

आईबाबांची खरी भीती वेगळीच असते, ते दोन-तीन भेटींनंतर हळूच विचारतात. त्यातलं कोणी गेलं तर? जाणार. हे खोटं सांगता येत नाही. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना कळायला लागतं की मेलेला माणूस परत येत नाही, त्यामुळे "झोपले", "गावाला गेले" असलं काही सांगू नका, मूल झोपायला घाबरेल नाहीतर गावावरून परत यायची वाट बघेल. गेले म्हणजे मेले, असं सरळ सांगायचं, आणि रडू आलं तर रडू द्यायचं. बाई गेल्या तेव्हा तो वहीवाला मुलगा फार रडला नाही. त्याने मला विचारलं की शेवटचं गणित त्यांनी तपासलं होतं का. तपासलं होतं, लाल पेनाने, दोन चुका. ती वही त्याने मला दिली नाही, दाखवली फक्त. मुलाला हे दुःख नको म्हणून त्याला माणसंच नकोत असं तुम्ही ठरवू शकता, तुमचा निर्णय, मी मात्र माझ्या मुलीला घेऊन जाते.

एक शेवटचं, बुद्धिबळवाल्याचं. त्याच्या शाळेची वेळ बदलली, शनिवार गेला. मला तो शुल्झचा प्रयोग आठवून पोटात गोळा. आईने मला मेसेज केला की तुम्हीच सांगाल का त्यांना, मी म्हटलं नाही, त्याला पाठवा. तो आला, नेहमीसारखं हरला, मग खाली बघत सांगितलं. आजोबा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग पत्राने खेळू. पूर्वी लोक पोस्टाने खेळायचे, एक डाव वर्षभर चालायचा." मुलाने मला विचारलं पोस्टाने म्हणजे काय, कुठलं ॲप.

पहिलं पत्र मागच्या आठवड्यात आलं. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक बारीक होत जातं, तर मुंगीएवढ्या अक्षरात एकच ओळ होती, त्याला भिंग घेऊन वाचावी लागली. राजापुढचं प्यादं दोन घरं. उत्तर द्यायला त्याने तीन दिवस घेतले, पहिल्याच चालीला.